भिवंडीचा बोलका फळा

लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात, थंडीत कोकणात उतरतात आणि परत आले की फोटो दाखवून शेजाऱ्यांना हैराण करतात. मी भिवंडीला जाऊन आले. हौसेनं भिवंडी बघायला गेलेला माणूस मला अजून भेटायचाय. मीही हौसेनं गेले नव्हते. मला अभ्यासदौऱ्यावर पाठवलं होतं.

आमची शाळा कोल्हापूरच्या पश्चिमेला, जिथं एसटी दिवसातून दोनदा येते आणि कंडक्टर दोन्ही वेळा नशिबाला बोल लावतो. पहिली ते चौथी, मुलं एकोणीस, शिक्षक दोन: मुख्याध्यापक गुरव सर आणि मी. पट कमी म्हणून ही शाळा बंद करून मुलांना ओढ्यापलीकडच्या गावात 'समायोजित' करायचं वर घाटत होतं. हा शब्द ज्यानं काढला त्यानं आमचा ओढा श्रावणात बघितलेला नसावा. पावसाळ्याचे तीन महिने त्या ओढ्यातून म्हैस जात नाही, पोरी कुठल्या जातात? एकोणिसातल्या अकरा पोरी घरी बसणार, आणि एकदा बसल्या की बसल्याच.

आमचे केंद्रप्रमुख साळुंखे साहेब. दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे हे गृहस्थ, मनानं वाईट नाहीत, पण मोबाईलवर त्यांची श्रद्धा भारी. ते म्हणाले, "जाधव बाई, शाळा डिजिटल झाली की बंद करायच्या यादीतनं नाव निघतंय. फळा दानात मिळतोय. फक्त एक आदर्श डिजिटल शाळा बघून अहवाल भरायचा. भिवंडीला हाय एक. चला."

शाळा वाचत असेल तर मी चंद्रावरही गेले असते. निघालो.

धामणकर नाका, बुधवार

प्रवासाचं काही सांगत नाही. मी झोपले होते आणि साहेब घोरत होते. धामणकर नाक्यावर उतरलो तेव्हा दुपार होती आणि चारी बाजूंनी वाहनं अशी येऊन भिडली होती की कुणालाच कुठं जायचं नव्हतं असं वाटावं. आमच्याकडं एसटीसमोर म्हैस आडवी आली तरी लोक खाली उतरून चौकशी करतात. इथं टेम्पो, ट्रक, हातगाडी आणि कापडाच्या ताग्यांवर बसलेला माणूस, सगळे हॉर्न वाजवत जागच्या जागी होते आणि कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता.

साहेबांनी मोबाईलवर नकाशा लावला. शेअर रिक्षात मागं आम्ही दोघं आणि एक अनोळखी, पुढं ड्रायव्हरला चिकटून चौथा. मोबाईलमधली बाई सांगायची डावीकडं, ड्रायव्हर जायचा उजवीकडं. साहेब अस्वस्थ झाले.

"अहो, हिकडं न्हवं. मॅपमधी डावीकडं दाखवतंय."

"काका, मॅप को क्या मालूम?" ड्रायव्हर म्हणाला. "तिकडं रोड खोदलाय. मॅपवाली बाई आली होती का बघायला?"

साहेबांचा मोबाईलवर जास्त विश्वास. त्यांनी रिक्षा सोडायला लावली आणि नकाशाप्रमाणं चालत निघाले. पाच मिनिटांनी आम्ही गटाराच्या पाइपांसमोर उभे होतो आणि मोबाईलमधली बाई आनंदानं सांगत होती की तुम्ही पोहोचलात. पुढं पाऊण तास बॅगा घेऊन आम्ही निजामपुऱ्यापर्यंत चालत गेलो, तेही एका चहावाल्याला विचारून.

निजामपुऱ्याच्या गल्लीत यंत्रमागांचा आवाज आधी पायातून येतो आणि मग कानात. दोन्ही बाजूंना कारखाने, प्रत्येकात लूम, आणि सगळे मिळून एकच खटखटाट. टपरीवरच्या बाकावर बसलो तर बाक थरथरत होता आणि ग्लासातल्या चहावर बारीक लाटा उठत होत्या. समोरासमोरच्या दोन कारखान्यांच्या दारांत दोन कामगार उभे होते. एकानं बोटं फिरवली, दुसऱ्यानं कपाळाला हात लावला, पहिल्यानं मनगट झटकलं, दोघं हसले.

साहेबांना गहिवरून आलं. "बघा बाई, मुक्या माणसांनासुद्धा हितं काम मिळतंय," असं म्हणून त्यांनी त्यातल्या एकाच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला आणि मोठ्या प्रेमानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

तो माणूस पन्नाशीचा असावा. पुड्याकडं बघून म्हणाला, "शुक्रिया सेठ. मगर हुआ क्या?"

चहावाला हसून हसून वाकला. लूम चालू असताना ओरडायचं कुणी, असं त्यानं समजावलं. इथं सगळे हातानं बोलतात. चहा सांगायची खूण वेगळी, माग दुरुस्त करणाऱ्या मास्टरला बोलवायची वेगळी, शेठ आला हे सांगायची तर फारच वेगळी, ती बायकांसमोर दाखवण्यासारखी नव्हती म्हणे. साहेबांनी बिस्किटं परत मागितली नाहीत, एवढी लाज राखली.

आदर्श शाळा, गुरुवार

शाळा याच गल्लीच्या टोकाला. मराठी माध्यमाची, दोन मजली, भिंतीला भिंत लागून कारखाना. दारावर 'डिजिटल शाळा' अशी पाटी, शाळेच्या नावाच्या दुप्पट मोठी. तिसरीच्या वर्गशिक्षिका भोईर बाई आमच्या स्वागताला उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, खाडीकाठच्या गावातल्या, अबोलीचा गजरा माळलेल्या. त्यांनी आम्हाला गुलाबाचं एकेक फूल दिलं आणि पदराच्या किल्ल्यांनी डिजिटल वर्गाची दोन कुलपं उघडली.

आत चपला काढून जायचं. समोरच्या भिंतीवर तो फळा, म्हणजे भला मोठा काचेचा पडदा, त्यावर कोऱ्या कापडाचा शिवलेला झगा. झगा काढला तर वर हळदीकुंकू, कडेनं झेंडूची माळ. बोटानं चालणारा हा फळा. बोट लावलं की अक्षर उमटतं, चित्र सरकतं. आणि त्याच्या खाली ठळक अक्षरात कागद चिकटवला होता: 'हात लावू नये.'

मी वाचून भोईर बाईंकडं पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

मुलं रांगेनं आली. अडतीस मुलं, मांडी घालून, हाताची घडी. काही इथल्याच गावांतली, काही मागावर काम करणाऱ्या तेलुगू घरांतली, काही हिंदी बोलणाऱ्या. बाईंनी रिमोट दाबला आणि पडद्यावर थेंबू नावाचा निळा पाण्याचा थेंब नाचत आला. धडा होता पाऊस कसा पडतो. थेंबूचं तोंड हलत होतं, पण आवाज काही येईना, कारण भिंतीपलीकडं लूम चालू होते. पण अडतीस मुलं थेंबूच्या तोंडासरशी मोठ्यानं बोलत होती: "मी थेंबू! मी वर वर जातो! ढगात माझे मित्र भेटतात!" हातवारे एकसारखे, माना एकसारख्या डोलणाऱ्या.

साहेबांनी वहीत लिहिलं: 'मुलांचा सहभाग शंभर टक्के.'

तेवढ्यात शेजारी आणखी काही लूम सुरू झाले असावेत. व्होल्टेज पडलं, फळा टुक करून विझला. भोईर बाईंचा चेहराही विझला. पण मुलं थांबली नाहीत. काळ्या पडद्यासमोर अडतीस थेंबू वर वर गेले, ढगात मित्रांना भेटले, आणि मग एकदम सगळी गप्प झाली. एकही हालेना. साहेब घाबरले. मी मनात आकडे मोजत होते; बारापर्यंत गेले असतील, तोच सगळी पुन्हा एका सुरात सुरू झाली.

"मधी का वो थांबली?" साहेबांनी विचारलं.

पहिल्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली. तिचं नाव रेणुका, वडील मागावर. ती म्हणाली, "सर, तिथं गोल गोल फिरतं ना."

नेट अडकल्यावर पडद्यावर जे चाक फिरतं, त्याच्यासकट धडा पाठ होता. शेवटी सगळ्यांनी हात जोडून म्हटलं, "आवडलं तर घंटीचं बटण दाबायला विसरू नका!" साहेब फार खूश झाले. डिजिटल शिक्षणात घंटेचे, म्हणजे देवाधर्माचे संस्कारही राखले आहेत, असं त्यांनी लिहून घेतलं.

खिचडीच्या सुट्टीत मी रेणुकाजवळ जाऊन बसले. विचारलं, "बाळ, वर वर जातो तो कोण?"

"थेंबू."

"थेंबू म्हणजे?"

"कार्टून."

"आणि पाऊस?"

तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "पाऊस आकाशातून पडतो ना, मॅडम."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण हेच यंत्र घ्यायला मी आले होते. मागं उभ्या असलेल्या भोईर बाईंनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, रागावतील. त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "उद्या या. एकट्याच या. साहेबांना आनू नका."

शुक्रवार, लूम बंद

साहेबांना आणण्याचा प्रश्नच आला नाही. ते सकाळीच वज्रेश्वरीला दर्शनाला आणि गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायला गेले. दौऱ्याच्या कागदावर याला त्यांनी 'परिसर भेट' म्हटलं.

शुक्रवारी त्या गल्लीतले कारखाने बंद असतात. आदल्या दिवशी जिथं स्वतःचा विचार ऐकू येत नव्हता तिथं आज कुणीतरी कांदा चिरत होतं तेही ऐकू आलं. मी म्हटलं, वा, आज थेंबूचा आवाज ऐकायला मिळणार. भोईर बाई म्हणाल्या, "लूम बंद असले का त्याच दिवशी लाइटवाले दुरुस्ती काढतात. आज लाइट न्हाय."

म्हणजे हिशेब असा: ज्या दिवशी फळा चालतो त्या दिवशी तो ऐकू येत नाही, आणि ज्या दिवशी ऐकू आला असता त्या दिवशी तो चालत नाही. एवढं चोख नियोजन मी सरकारी कामात प्रथमच बघितलं.

बाई मुलांना आपल्या जुन्या वर्गात घेऊन बसल्या. साधा काळा फळा, खडू. वजाबाकी, हातच्याची. बावन्नातून सतरा. त्यांनी सुरुवात केली आणि तीन वाक्यं झाली नाहीत तोच रेणुकानं दोन्ही हातांच्या चिमटी एकमेकींना टेकवून झटकन लांब केल्या, जणू काही ताणून तोडलं. बाई थांबल्या. मागं गेल्या. "कुठं तुटली?" रेणुका म्हणाली, "पाचाचे चार कशे झाले?" बाईंनी काड्यांचे गठ्ठे काढले, एक गठ्ठा सोडून दाखवला. पुढं निघाल्या. मागच्या रांगेतून दुसऱ्या कुणी चिमटी झटकली. बाई पुन्हा थांबल्या.

ही मागावरची खूण. विणताना एखादी तार, म्हणजे सूत तुटलं की लूम थांबवायचा, गाठ मारायची, मग पुढं. तसाच चालू ठेवला तर तुटल्या जागेपासून सगळं कापड वाया. मुलांनी ती घरून, कारखान्यात बापाला डबा देता देता उचलली होती. आवाजात बाईंना प्रश्न ऐकू येत नाहीत म्हणून एकानं कधीतरी वर्गात केली, आणि बाईंनी ती चालू दिली.

त्या एका गणितात बाई अकरा वेळा थांबल्या. तासभर एकच वजाबाकी. कुणी कुणाला हसलं नाही. रेणुकाला मी नंतर विचारलं, एवढ्यांदा खूण करायला लाज नाही वाटत? ती म्हणाली, "तार तर तुटतेच ना मॅडम. पप्पांची पन तुटते."

मला त्या वर्गात बसून स्वतःचा राग आला. इतकी वर्षं मी वर्गात विचारत आले, "समजलं का?" आणि सगळ्या माना हलतात आणि मी पुढं जाते. त्या माना का हलतात हे मला माहीत आहे. मला बरं वाटावं म्हणून हलतात.

"हे का नाही दाखवलंत काल?" मी भोईर बाईंना विचारलं.

"हे कोन बगतं?" त्या म्हणाल्या. "याचा फोटो निघतो का?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "आमची पन शाळा बंद व्हायची होती बाई. पट कमी. फळा आला, पाटी लागली, पेपरात फोटो आला, पोरं वाढली, शाळा ऱ्हायली. शेतात बुजगावणं उभं करतात, ते काय भात कापतं? पन पाखरं येत न्हाईत."

संध्याकाळी त्या मला घरी जेवायला घेऊन गेल्या. खाडीच्या बाजूचं गाव, पण खाडी बघायला आधी गोदामांची रांग ओलांडावी लागते. ताटात तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवट्या हा चिखलातला मासा पायांनी चालल्यासारखा चालतो, हे मला त्यांच्या सासऱ्यांनी मी पहिला घास तोंडात घातल्यावर सांगितलं. आमच्याकडं पाहुण्याला रश्श्याची वाटी पुढं करून "लाजू नका" म्हणतात. इथं काही न म्हणता वाढत राहतात. तीन भाकऱ्या झाल्यावर मी हात आडवा धरला तर भोईर बाईंनी तो बाजूला सारून चौथी वाढली.

सासरे आगरी शेतकरी, आता जमीन गोदामाला भाड्यानं दिलेली. विचारलं, "फळा नेयाला आलीस का गो? ते फळे आमच्याच गोडावनात येतात. खोकी बघ, एवरी मोठी. ठेवतात, नेतात. कोरोनाच्या टायमाला तं पोरांना वाटायचे मोबाईल पन हितंच परून व्हते, आन् शाळा बंद."

निघताना भोईर बाईंनी माझा हात धरला. "अहवालात चांगलंच लिवा. आमच्यासाठी न्हाय. तुमच्या पोरी घरी बसतील."

पुन्हा धामणकर नाका, शनिवार

अहवाल मोबाईलवर भरायचा होता. नाक्यावरच्या रसवंतीत बसून मी तो उघडला. पहिला प्रश्न: डिजिटल अध्यापन कसे वाटले? उत्तराला तीन पर्याय: उत्कृष्ट, अतिउत्तम, उत्तम. वाईट वाटायची सोयच नव्हती. दुसरा: मुले आनंदी दिसली का? पर्याय: होय, खूप. याप्रमाणे सतरा प्रश्न, आणि शेवटी एक सक्तीचा रकाना: 'शिक्षक म्हणून आपला अभिप्राय एका वाक्यात.'

मी खरं लिहायला घेतलं. थेंबूचं लिहिलं, चाकाचं लिहिलं, तुटलेल्या तारेचं लिहिलं, आणि लिहिता लिहिता मला बरं वाटायला लागलं. मोबाईलनं लाल अक्षरात कळवलं की शब्दमर्यादा ओलांडली आहे.

साहेबांनी माझ्या खांद्यावरून सगळं वाचलं होतं. उसाचा ग्लास ठेवत ते शांतपणे म्हणाले, "बाई, खरं हाय तुमचं. मला काय कळत न्हाई व्हय? पण ह्ये पाठवलं तर फळा न्हाई, आणि फळा न्हाई तर शाळा न्हाई. पोरींस्नी ओढ्यातनं तुम्ही न्हेणार?"

मी सगळं खोडलं. काय लिहावं सुचेना. मागं दहा जण हॉर्न वाजवत होते, एसटीची वेळ झाली होती. सगळ्या जाहिरातींत असतं तसलं काहीतरी लिहून टाकलं: 'या फळ्यामुळे शिक्षकाचे निम्मे काम कमी होते.' बटण दाबलं. पडद्यावर फुलं उधळली गेली आणि 'अभिनंदन' आलं. मला ओशाळल्यासारखं झालं, पण परत फिरले नाही. अकरा पोरींसाठी एक खोटं वाक्य, एवढं चालतं, अशी मनाची समजूत घातली.

घरी

फळा आला. बैलगाडीतून येईल असं गावाला वाटलं होतं, टेम्पोतून आला. गावानं नारळ फोडला. दीड महिन्यानं ऑर्डर आली. गुरव सरांनी पोरांना पटांगणात बसवलं, चार पालक बोलावले आणि खणखणीत आवाजात वाचली: आपली शाळा डिजिटल झाल्याने बंद करण्याच्या यादीतून वगळण्यात येत आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला, पोरी नाचायला लागल्या. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

गुरव सर पुढं वाचत होते, पण आता मनात. वाचून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडं दिला. खालच्या परिच्छेदात लिहिलं होतं की अभ्यासदौऱ्यातील शिक्षकांच्या अभिप्रायानुसार या फळ्यामुळे शिक्षकाचे निम्मे काम कमी होत असल्याने, दोन शिक्षकी डिजिटल शाळांतील एक पद अतिरिक्त ठरवण्यात येत आहे. मुख्याध्यापक राहतील. सहशिक्षकाने सोमवारी तालुक्याला हजर व्हावे, पुढील शाळा तिथे कळवली जाईल.

पोरी अजून नाचत होत्या. गुरव सरांच्या कपाळाची शीर उडत होती.

"कोण ह्यो शहाणा, निम्मं काम कमी झालं म्हणणारा?" ते म्हणाले. "ह्येनं हातात खडू तरी धरलाय का कधी?"

"तेवीस वर्षं धरलाय, सर," मी म्हणाले.